फोटो स्पर्धेसाठी गूगल फॉर्म, दोन वर्षं वापरून सांगतोय (५ पैकी ४)

आमचा सोलापुरातल्या हौशी फोटोवाल्यांचा एक ग्रुप आहे. कुणी बँकेत, कुणी टॉवेलच्या कारखान्यात, दोघी शाळेत शिकवतात, एक पोरगा अजून बारावीला. कॅमेरेवाले पाच-सहाच, बाकी सगळे मोबाइलवाले. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो, १८३९ ला त्या दिवशी फ्रान्समध्ये डागेरोटाइपची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवायची, पद्धत जगाला खुली केली म्हणून, तर ते निमित्त धरून आम्ही एक घरगुती ऑनलाइन स्पर्धा घेतो. फी नाही काही नाही. बक्षीस म्हणजे जिंकलेल्या फोटोची ८ बाय १२ इंची प्रिंट आणि पाव किलो शेंगा चटणी, आणि खरं सांगतो लोक चटणीसाठीच भाग घेतात.

सगळ्यात पहिल्या वर्षी हौसेनं पैसे भरून एका स्पर्धा घेणाऱ्या वेबसाइटवर केलं होतं, नाव नाही घेत. दिसायला लई भारी, पण अटी वाचल्या तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की आलेले फोटो आम्ही कुठंही, कायमचे वापरू. का बे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौसेनं काढलेल्या फोटोचा पहिला मालक काढणाराच असतो, आणि ह्यांना फुकटात कायमचे पाहिजेत. वर निकाल लाइकवर. त्यामुळं ज्याची भावकी मोठी त्याचा फोटो पहिला. जिंकलेला फोटो म्हणजे बाळाच्या जावळाचा, तोही थोडा हललेला, पण अक्कलकोटपासून बार्शीपर्यंतच्या सगळ्या मावश्यांनी लाइक केलेलं. बाळ गोड होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

मग गूगल फॉर्मवर आलो. फुकट आहे, मराठीत प्रश्न लिहिता येतात, लिंक ग्रुपवर टाकली की झालं. नाव, फोटोचं शीर्षक, कुठं काढला, आणि खाली फाइल अपलोडचा प्रश्न. फोटो सरळ आपल्या गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये येऊन पडतात आणि सगळी माहिती शीटमध्ये ओळीनं लागते, त्यामुळं "माझा फोटो मिळाला का" हे रात्री अकराला विचारणारे फोन बंद झाले, ह्यासाठीच एक स्टार जास्त.

मोठा फायदा असा की फोटो ओरिजनल येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो, आणि ८ बाय १२ ची चांगली प्रिंट ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) काढायची तर ३६०० बाय २४०० पाहिजेत. मोबाइलवर दोन्ही सेमच दिसतात हो, म्हणून कुणाला पटत नाही. आमच्या एका मामांना (साठीचे, हयात लूमवर गेली) जीमेलचा पासवर्ड आठवेना, आणि फाइल अपलोडला गूगल अकाउंटनं लॉगिन लागतंच, म्हणून मी म्हटलं मामा, पाठवा व्हॉट्सअ‍ॅपवर, मी टाकतो. नेमका त्यांचाच फोटो दुसरा आला. नव्या पेठेतल्या लॅबवाल्यानं स्क्रीनवर मोठा करून बघितला आणि म्हणाला, "मालक, हे व्हॉट्सअ‍ॅपचं हाय. ह्याचं पोस्टकार्ड करा, फ्रेम नका करू." आता ज्यांना लॉगिन जमत नाही त्यांना मी डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतो, तसा पाठवला की कमी होत नाही. ओरिजनलचा अजून एक उपयोग म्हणजे फाइलच्या माहितीत तारीख असते. एकानं तीन वर्षांपूर्वीच्या गड्ड्याचा (आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेचा) फोटो "ह्या वर्षीचा" म्हणून दिलेला, तारखेनं पकडला, चहा त्याच्याकडनं घेतला.

आता कुठं अडकतं ते. अपलोड झालेल्या फाइलच्या नावाला पाठवणाऱ्याचं नाव आपोआप लागतं. शाळा-कॉलेजच्या असाइनमेंटला ते सोयीचंच आहे, पण स्पर्धेत परीक्षकाला फोल्डर दाखवलं की संपलं, कुणाचा कुठला सगळं उघडं. फॉर्मच्या पहिल्या वर्षी माझ्या हे ध्यानातच आलं नाही, आणि आमच्या एका परीक्षकानं स्वतःच्या साडूला दहापैकी नऊ दिले. चांगला होता फोटो, पण चर्चा व्हायची ती झालीच. आता मी सगळे फोटो उतरवून घेतो, ०१, ०२, ०३ अशी नावं देतो, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो आणि फक्त तेवढंच परीक्षकांना देतो. कोपऱ्यात नावाचा वॉटरमार्क टाकलेला असेल तर फोटो परत. चाळीसेक फोटोंना दीड तास जातो, फॉर्म हे करून देत नाही. एक स्टार तिथं कापला.

दुसरं एक सेटिंग. पूर्ण फॉर्मला मिळून १ जीबीची मर्यादा आधीच लावलेली असते, ती भरली की फॉर्म एंट्री घेणं बंद करतो. मी ती वाढवलीच नव्हती, चूक माझीच, शेवटच्या रात्री साडेदहाला फॉर्म बंद आणि ग्रुपवर बोंबाबोंब. एका फाइलला १० एमबी आणि एका माणसाला दोनच फोटो ठेवले की भागतं. हे सगळं फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जातं, फुकटातले १५ जीबी जीमेलसकट असतात, म्हणून आधी स्वतःचा कचरा काढा.

मार्कांचं पण सांगतो, ह्यात फॉर्मचा काही संबंध नाही तरी. तीन परीक्षक, दहापैकी मार्क, बेरीज केली. त्यातले पंढरपूरचे ड्रॉइंगचे रिटायर्ड मास्तर सगळ्यांना सहा किंवा सात देतात, दुसऱ्या मॅडम दोनपासून दहापर्यंत. मग निकाल एकट्या मॅडमचाच लागतो, मास्तर नुसते बसलेले. आता मार्क बंद केलेत. प्रत्येकानं आपले पहिले पाच फोटो क्रमानं लावायचे, पहिल्याला ५, पाचव्याला १, आणि बेरीज. भांडण एकदम कमी झालं. मास्तरही खूश, म्हणाले आता निवडायला बसावं लागतं.

विषय मात्र नीट द्या. फॉर्मच्या पहिल्या वर्षी "आपलं सोलापूर" दिला तर अर्ध्याच्या जवळपास फोटो सिद्धेश्वर मंदिराचं तळ्यातलं प्रतिबिंब, उरलेल्यात भुईकोट किल्ला, इंद्रभुवनची इमारत आणि गड्ड्याला पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) घातलेल्यांनी उचललेले नंदीध्वज. सुंदर हो, पण परीक्षकानं बघायचं काय. दुसऱ्या वर्षी "हात" दिला आणि लोक जागे झाले. मामांनी ह्या वेळी पुतण्याकडनं लॉगिन करून घेतलं आणि शेजारच्या विडी वळणाऱ्या मावशीच्या हातांचा फोटो दिला. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि अंगठ्याचं नख विडीचं तोंड दुमडताना, नख कडेनं पिवळं पडलेलं. चेहरा नाहीच फोटोत. मावशीला विचारूनच काढला होता, आणि तो प्रश्न आम्ही फॉर्ममध्येच टाकलाय, "फोटोतल्या माणसाला विचारलंय का?", हो टिक केल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. तिन्ही परीक्षकांनी तो पहिला लावला, नाव माहीत नसताना.

तर वीस-पंचवीस माणसांची, ओळखीतली स्पर्धा असेल तर पैसे भरून वेबसाइट घेऊ नका, फॉर्म बास आहे, फक्त नंबर टाकायचा दीड तास धरून चाला. शंभरच्या वर एंट्र्या असतील तर माझ्यासारख्या एकट्याचं काम नाही, दोघं-तिघं लागतील.

प्रिंट ह्या वेळी एकदम कडक आली. मामांनी ती मावशीलाच देऊन टाकली, चटणी मात्र स्वतः ठेवली.