दंडावरचा ग्लुकोज सेन्सर : माझे चौदा दिवस

वजन कमी करण्यासाठीची जठराची बायपास शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षं झाली. वजन ११२ वरून ७४ वर आलं, बीपीची गोळी सुटली. पण या पावसाळ्यापासून शाळेत तिसऱ्या तासाला हात थरथरायचे, दरदरून घाम फुटायचा. एकदा तर फळ्यावर लिहिता लिहिता अक्षरंच दिसेनाशी झाली. उपाशीपोटीची शुगर दर वेळी नॉर्मल. "अशक्तपणा आहे, गोडाचं खात जा," असं जो तो सांगायचा. मी डब्यात लाडू न्यायला लागले आणि त्रास वाढतच गेला.

शेवटी सर्जननी दिवसरात्र साखर मोजून फोनवर दाखवणारा हा सेन्सर दंडावर लावायला सांगितला. नाण्याएवढी चकती, लावताना टुचकन टोचतं तेवढंच. तिसऱ्याच दिवशी उलगडा झाला. साडेसातला पोहे आणि साखरेचा चहा घेतला. सव्वाआठला फोनवर २१४! रेघ सरळ उभी चढली आणि तशीच कोसळली, साडेनऊला ५१. सत्तरच्या खाली म्हणजे लो. बायपासनंतर अन्न भराभर लहान आतड्यात उतरतं, साखर झपकन चढते, त्यावर इन्सुलिन नको तितकं सुटतं आणि तासा-दोन तासांत साखर पडते. उपाशीपोटी तपासून हे सापडणार कसं?

मग रोज नाश्ता बदलून पाहिला. आधी उकडलेलं अंडं, मटकीची उसळ आणि शेवटी अर्धी ज्वारीची भाकरी खाल्ली, तेव्हा रेघ ८४ ते १४३ च्या मध्येच राहिली. त्या दिवशी सगळे तास उभ्याने घेतले. घरी येऊन आईला आलेख दाखवताना मला रडू आलं.

त्रासही आहेत. डाव्या कुशीवर झोपले की रात्री दोनला अलार्म. ५८ दाखवत होता, बोटातून तपासलं तर ९२. दंड दाबला गेला की आकडा खोटाच कमी येतो. शिवाय तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. ग्लुकोमीटर जवळ हवाच. जवळपास पाच हजार गेले, दर पंधरवड्याला हे जमणारं नाही.

आलेख बघून डॉक्टरांनी अकार्बोज सुरू केली, म्हणजे पिष्ट आणि साखर आतड्यात सावकाश पचायला लावणारी गोळी. ही गोळी चालू असताना लो झाली तर साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच घ्यावी लागते. तिची पुडी पर्समध्ये आणि एक स्टाफरूमच्या कपाटात ठेवली आहे, शेजारच्या वर्गावरच्या बाईंनाही दाखवून ठेवली आहे.

दुसरा सेन्सर दिवाळीसाठी राखून ठेवलाय. फराळातलं मला काय झेपतं ते बघायचंय.