उसाच्या ट्रॅक्टरला बाहेरून टर्बो बसवला, एक सीझन मारून झाल्यावरचा अनुभव

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. तो दसऱ्याच्या आधी आठ दिवस बसवला, आता बेंदूर तोंडावर आलाय, म्हणजे नऊ महिने होत आले आणि मीटरवर साधारण ८०० तास पडले. बसवायच्या आधी मी जेवढ्यांना विचारलं त्यातले निम्मे म्हणले एक नंबर, डोळे झाकून बसव, आणि निम्मे म्हणले इंजिन घालवून बसशील, आणि दोन्हीकडच्या एकानंही स्वतःच्या ट्रॅक्टरला बसवलेला नव्हता. म्हणून म्हणलं आपण वापरून मगच लिहायचं.

ट्रॅक्टर २०१३ चा, ४७ एचपी, चार सिलिंडर, कंपनीतनं बिनटर्बोचा आलेला साधा. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद लागतो. मागं दोन ट्रॉल्या, खेपेला १६-१७ टन ऊस बसतो (बसतो म्हणजे आपण बसवतो, कागदावर काय लिहिलंय ते सगळ्यांना माहिताय). रान कृष्णाकाठी ताकारीच्या बाजूला आणि करार डोंगरापलीकडच्या कारखान्याशी, त्यामुळं प्रत्येक भरलेली खेप सागरेश्वरच्या चढानं देवराष्ट्राकडं न्यायची. ताकारी योजनेचं पाणी वर चढल्यापासून तिकडं पण ऊसच ऊस झालाय, सीझनला त्या रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, आणि आपला ट्रॅक्टर चढाला लागला की लो थर्डला (खालच्या तिसऱ्या गिअरला) यायचा, मागं मोटारसायकलवाल्यांची ही रांग आणि सायलेन्सरमधनं काळा धूर असा की मागच्या ट्रॉलीवर बसलेला माणूस खोकत उतरायचा.

त्याच्या आधी एक शहाणपणा करून झाला होता तोही सांगतो. दोन वर्षांपूर्वी पंपवाल्याकडनं (इंजिनचा डिझेल पंप दुरुस्त करणारा) इंजिनात जाणारं डिझेल वाढवून घेतलं, म्हणलं जास्त डिझेल म्हणजे जास्त दम. दम वाढला काडीएवढा आणि धूर वाढला घागरभर. नंतर कळलं की काळा धूर म्हणजेच न जळलेलं डिझेल, एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते आणि डिझेल इंजिनला धूर नको असेल तर त्याच्याहून बरीच जास्त द्यावी लागते. साधं इंजिन फक्त पिस्टन ओढेल तेवढीच हवा घेतं. म्हणजे कमी हवा पडत होती आणि आम्ही वरनं डिझेल ओतत होतो, ओल्या लाकडाच्या चुलीत अजून लाकूड घातल्यासारखं.

भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीला यायचा तो गणपतीलाच आला आणि मोबाईल पुढं धरून म्हणला, "मामा, टर्बो कशाला, सुपरचार्जर बसव की, अमेरिकेत पिकअपला बसवतात ट्रेलर ओढायला." व्हिडिओ बघितले, भारीच होते. पण त्या गाड्यांची पेट्रोलची आठ सिलिंडरची इंजिनं, आपल्या ट्रॅक्टरच्या दुप्पट-तिप्पट आकाराची. सुपरचार्जर बेल्टनं क्रँकवरनं फिरतो, म्हणजे हवा भरायची ताकद इंजिनातनंच जाणार, आपल्याकडं घोडे ४७ आणि त्यातले काही त्या पंख्यालाच वैरण घालायचे. टर्बो फिरतो सायलेन्सरमधनं फुकट जाणाऱ्या गरम वाफाऱ्यावर, एका दांड्याला दोन चाकं, एक धुरानं फिरतं आणि दुसरं हवा दाबून इंजिनात भरतं, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. ही आयडिया नवीन पण नाही, अल्फ्रेड ब्युकी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ ला पेटंट घेतलंय. भाच्याचा एकच मुद्दा होता, सुपरचार्जर कमी रेसलाही लगेच हवा देतो, टर्बोला धूर तयार होईस्तोवर थांबावं लागतं. मी तो मुद्दा उडवून लावला, ट्रॅक्टर तर एकाच रेसवर चालतो म्हणलं. पुढं सांगतो कुठं तोंडावर पडलो ते.

खर्च असा की किट, ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर टर्बोकडं नेणारा पाईप), हवेचे पाईप, मजुरी मिळून ३५ हजार. वर ऑईल बाथचा जुना एअर क्लीनर काढून कोरड्या फिल्टरचा मोठा बसवला कारण जुना वाढीव हवेला पुरत नाही आणि आतलं ऑईल ओढून घेतो, ते वेगळे साडेचार हजार. टर्बोच्या हवेच्या प्रेशरचा काटा मी मागून बसवून घेतला, मिस्त्री म्हणत होता गरज नाही. ज्यांना बसवायचाय त्यांनी टर्बो एकवेळ हलका घ्या पण काटा घ्याच. चढाला भरलेला असताना माझ्याकडं ७-८ पीएसआय दाखवतो, डिसेंबरात एकदा ५ च्या वर जाईना तेव्हा बघितलं तर होज पाईपची क्लिप सैल होती. काटा नसता तर मी पंपवाल्याला शिव्या घातल्या असत्या.

पहिले दोन दिवस नुसती मजा. चढाला लो फोर्थ राहिला, काळा धूर जवळजवळ बंद, आणि रेस चढताना जी बारीक शीळ येते ती ऐकून आमचे आबा, जे या सगळ्याच्या विरोधात होते, ते बांधावर उभं राहून म्हणले, "आता बस झाल्यासारखी वाटतीय." एसटी म्हणायचं होतं त्यांना.

तिसऱ्या दिवशी निळा धूर. काळा डिझेलचा, निळा ऑईलचा, एवढं तर कुणालाही कळतं, आणि रात्रीत अर्धा लिटर ऑईल कमी. ज्यानं बसवला तोच मिस्त्री येऊन म्हणला पिस्टनच्या रिंगा गेल्यात, टर्बोचा लोड झेपला नाही, इंजिन खोलावं लागेल, ४० हजार धरून चाला. माझं तोंड कोरडं पडलं, दोन दिवसात ऊसतोड टोळी फडात उतरणार होती. शेजारच्या गावात एक म्हातारे फिटर आहेत, आता दुकान मुलाकडं असतं, त्यांना गाडीवर मागं बसवून आणलं. त्यांनी इंजिनला हातच लावला नाही, खाली वाकून टर्बोतनं इंजिनच्या ऑईल चेंबरकडं परत येणारा ऑईलचा पाईप बोटानं वर उचलला आणि म्हणले, "ह्येला पोट आलंय बघ." ऑईल टर्बोत जाताना दाबानं जातं, पण परत येताना नुसतं उतारानं खाली घसरतं, त्याला सरळ वाट लागते, पाईप मध्ये लोंबला की ऑईल तिथं तुंबतं आणि टर्बोच्या सीलमधनं वाट काढून धुरात जातं. जाड, आखूड, सरळ उताराचा पाईप घातला, ४०० रुपये. धूर त्याच संध्याकाळी गेला. पहिल्या मिस्त्रीशी अजून बोलणं नाही.

आता भाच्याचा मुद्दा. पहिल्या पावसाळी ढगात रान ओलं, नदीकाठच्या मळीची काळी माती, भरलेल्या ट्रॉल्या फडातनं पाणंदीला काढायच्या होत्या. थांबलेल्या जागेवरनं उचलायला टर्बोचा उपयोग शून्य. क्लच सोडला की रेस पडते, रेस पडली की हवा नाही, हवा नाही की तेच जुनं ४७ चं इंजिन. ड्रायव्हरनं मग आधी रेस वाढवून क्लच सोडायची सवय लावून घेतली, त्यानं पुढची चाकं वीतभर उचलली आणि त्याच्या पोटात गोळा आला (पुढं वजनं लावली आता, ती आधीच लावायची असतात). एकदा हलला की मात्र दम तोडत नाही, आधी पाणंदीच्या वळणावर जिथं मरायचा आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पुढं साखळीनं जोडावा लागायचा तिथं आता एकटा निघतो. अख्ख्या सीझनला दुसरा ट्रॅक्टर फक्त तीनदा बोलवावा लागला, गेल्या वर्षी आठवड्यातनं दोनदा लागायचा. माझ्या मते पैसे इथंच वसूल झाले, चढावर नाही. पण उचलण्याच्या त्या क्षणाला भाचाच बरोबर होता, त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्या रेस देऊन क्लच सोडण्यानं जानेवारीत क्लच प्लेट गेली. आधी चढाला करपल्यासारखा वास, मग रेस वाढते पण ट्रॅक्टर वाढत नाही. ट्रॅक्टरची क्लच म्हणजे गाडी मधनं फोडून दोन भाग करायचे, दीड दिवस गेला, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि मजुरी मिळून ११ हजार. टोळी बीडकडची, त्यांची उचल आधीच दिलेली, दीड दिवस ती माणसं तोडलेल्या उसाजवळ बसून, आणि मुकादम दर तासाला फोन करून फक्त एवढंच विचारायचा, "मालक, जेवला का?"

गरम होण्याचं म्हणाल तर रेडिएटर आधी आतनं साफ करून घेतला होता आणि फॅन बेल्ट नवीन होता म्हणून पाण्याचा काटा हिरव्यातच राहिला. फक्त एक गोष्ट पाळली, पंपाचं वाढवलेलं डिझेल परत होतं तिथं आणलं. कंपनीतनं टर्बो येणाऱ्या इंजिनात पिस्टनच्या खालनं ऑईलची धार मारून ते गार ठेवतात बऱ्याच ठिकाणी, आपल्या जुन्यात तसलं काही नाही. हवा आली म्हणून डिझेल वाढवायचा मोह होतो, तो केला की पिस्टनचं डोकं वितळणार. मला तीन जणांनी सल्ला दिला वाढव म्हणून. तिघांचेही ट्रॅक्टर बिनटर्बोचे.

बंद करायच्या आधी दोन मिनिटं हळू चालवायचा, हे ड्रायव्हरला समजावण्यात महिना गेला. चढ चढून आल्या आल्या चावी मारली की टर्बोचं चाक लालबुंद आणि ऑईल बंद, आत राहिलेलं ऑईल करपून कोळसा होतो. मोबाईलमधला टायमर लावून बघितला, विसरायचा. शेवटी ठरवलं की थांबल्यावर इंजिन चालू ठेवून तंबाखू मळायची, बार भरला की बंद. तेव्हापासून एकदाही चुकला नाही. त्याच्या बायकोनं मला बोल लावला ती गोष्ट वेगळी.

आणि उतार. चढ जेवढ्या लवकर चढला तेवढ्याच गुर्मीत खिंडीपलीकडं उतरायला लागलो तर दोन ट्रॉल्या मागनं ढकलतात, ट्रॉल्यांना ब्रेक नाही, टर्बोनं ओढ वाढते पण थांबायची ताकद एका पैशाची वाढत नाही. एका पहाटे दवानं रस्ता ओला, मी स्वतः चालवत होतो, वर गिअर न पाडता हाय गिअरला घेतला, मागची ट्रॉली अर्धा फूट आडवी सरकलेली आरशात दिसली. त्या दिवशी कारखान्यावर पोचून चहाचा कप दोन्ही हातानं धरला होता. ज्या गिअरात चढलो त्याच्या खालच्या गिअरात उतरायचं, आता कुणी मागनं हॉर्न मारू दे नाहीतर आई-बहीण काढू दे.

हिशोब विचाराल तर वहीत लिहिलेलं सांगतो. आधी येऊन-जाऊन खेपेला १६ लिटर डिझेल जायचं, आता १५ च्या आतबाहेर. चढाला दहा मिनिटं वाचतात. आणि मग कारखान्याच्या यार्डात नंबर लागायला सहा तास, कधी दहा, गव्हाण (कारखान्यात ऊस टाकायचा पट्टा) बंद पडली तर दुसरा दिवस. त्यामुळं खेपा वाढतील हे डोक्यातनं काढून टाका, माझ्या महिन्याच्या खेपा गेल्या वर्षीएवढ्याच झाल्या. ज्याचा रस्ता सपाट आणि रान रस्त्याला लागून आहे त्यानं हे ३५ हजार ट्रॉलीच्या टायरांवर घालावेत.

कायद्याचं मी आधी बघायला पाहिजे होतं, बघितलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही लिहिलंय. विमा एजंटला सहज विचारलं तर तो म्हणला, "हे तुम्ही मला विचारलं नाही आणि मी ऐकलं नाही." म्हणजे काय ते समजून घ्या. नवीन ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर नादच करू नका. नवीनच घ्यायचा विचार असेल तर कंपनीतनं टर्बो आलेला थोडा मोठा घ्या, त्याचं पिस्टन, क्लच, रेडिएटर त्या हिशोबानं बनवलेलं असतं.

सध्या ट्रॅक्टर रोटाव्हेटरला (माती भुसभुशीत करायच्या अवजाराला) आहे, शीळ तशीच, ऑईल दर १५० तासाला बदलतो (आधी २५० ला बदलायचो), टर्बोच्या चाकाला हात लावून बघितलं, दांडा हलत नाही. दसऱ्याच्या आत मागच्या ट्रॉलीला ब्रेक बसवायचेत, म्हाताऱ्या फिटरांना सांगून ठेवलंय, ते म्हणले, "आधी ते बसवायचं असतं लेका."