पीसीचा आवाज गेला: सर्व्हिस, ड्रायव्हर, यूएसबी कार्ड की थेट फॉरमॅट?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी गेल्या महिन्यात पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून अडीचशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड आणलं. पीसीचा आवाज दोन दिवसांपासून गेला होता आणि दुकानातल्या मुलाने पीसी न बघताच ‘बोर्डवरचं साउंड उडालं असणार’ असं सांगून टाकलं होतं. घरी येऊन कार्ड लावलं, त्याचा इवलासा दिवा लागला, आवाज मात्र नाहीच. काका जिना उतरून माझ्या दारात. “अरे, हेही मेलं की काय?”

मेलं नव्हतं. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली होती आणि तिच्यावर माउस नेला की ‘ऑडिओ सर्व्हिस इज नॉट रनिंग’ असं येत होतं. बोर्डवरचा जॅक, यूएसबी कार्ड, ब्लूटूथ हेडफोन, एचडीएमआय केबलमधून मॉनिटरला जाणारा आवाज, या सगळ्यांची वाट विंडोजमध्ये एकाच ‘विंडोज ऑडिओ’ सर्व्हिसमधून जाते. सर्व्हिस म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम. टाकीचा मेन व्हॉल्व्ह बंद असताना नवा नळ बसवून काय होणार?

म्हणून खिशात हात घालण्याआधी एक करून बघा. घरात ब्लूटूथ इअरफोन किंवा यूएसबी हेडफोन असेलच, तो जोडा. त्यातही आवाज नसेल तर आधी सर्व्हिस बघायची. त्यात आवाज आला आणि स्पीकर गप्पच राहिले, तर गडबड ड्रायव्हरची (म्हणजे विंडोजला ते हार्डवेअर चालवायला लागणाऱ्या प्रोग्रॅमची) किंवा जॅकची.

सर्व्हिसचा उपाय पाच मिनिटांचा आणि फुकट, त्यामुळे माझं मत सुरुवात इथूनच करावी असं. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ टाइप करून खिडकी उघडा आणि यादीत खाली ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ ही जोडगोळी शोधा. लोक फक्त पहिली रीस्टार्ट करतात. त्याऐवजी एंडपॉइंट बिल्डरवर राइट क्लिक करून रीस्टार्ट द्या. पहिली तिच्यावरच अवलंबून असल्याने ‘हिच्याबरोबर विंडोज ऑडिओही रीस्टार्ट होईल’ असं विंडोज विचारतं, त्याला हो म्हणायचं. काकांच्या पीसीवर मात्र रीस्टार्ट करड्या रंगात होतं, दाबलंच जाईना. डबल क्लिक केल्यावर कळलं, ‘स्टार्टअप टाइप’मध्ये ‘डिसेबल्ड’. ‘पीसी फास्ट करून देणारा’ कुठलासा फुकट प्रोग्रॅम त्यांनी टाकला होता, त्याने नको त्या सर्व्हिस बंद करताना हीही बंद केली होती. ‘ऑटोमॅटिक’ निवडलं, ‘अप्लाय’ दिलं, मग ‘स्टार्ट’, आणि त्यानंतर ‘विंडोज ऑडिओ’लाही ‘स्टार्ट’. फुली गेली आणि अर्धवट थांबलेला यमन एकदम खोलीभर सुरू झाला.

स्टार्ट करताना १०६८ क्रमांकाची एरर आली, तर जिच्यावर ही सर्व्हिस टेकलेली आहे ती चालू नाही असा अर्थ. ‘डिपेंडन्सीज’च्या टॅबमध्ये नावं दिसतील: एंडपॉइंट बिल्डर आणि रिमोट प्रोसीजर कॉल. आधी त्या बघा.

या बाबतीत एक तोडगा नेटवर फार फिरतो: कमांड प्रॉम्प्टमध्ये दोन ओळी टाकून लोकल सर्व्हिस आणि नेटवर्क सर्व्हिस या खात्यांना ॲडमिनिस्ट्रेटर गटात घालायचं. त्याने कधीकधी आवाज येतोही. पण या खात्यांना मुद्दाम कमी अधिकार दिलेले असतात आणि त्यांच्या नावावर इतरही सर्व्हिस चालतात. आवाजासाठी त्या सगळ्यांच्या हाती घराची किल्ली द्यायची? मी देत नाही.

ड्रायव्हरकडे वळायचं ते ‘नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड’ असं दिसलं तर, किंवा अपडेटनंतर दुसऱ्याच दिवशी आवाज गेला तर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ (आधीचा ड्रायव्हर परत आणणारं बटण) दाबता येत असेल तर तेच आधी. नसेल तर डेस्कटॉप आणि लॅपटॉपची गोष्ट वेगळी होते. डेस्कटॉपवर विंडोजचाच ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा साधा ड्रायव्हर निवडला तरी बहुधा भागतं. लॅपटॉपवरही त्याने आवाज येतो, पण पुष्कळदा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, कारण छोट्या स्पीकरांसाठी केलेली जुळवणी कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये असते. म्हणून लॅपटॉपवाल्यांनी आपलं मॉडेल बघून कंपनीच्या साइटवरूनच ड्रायव्हर घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारे प्रोग्रॅम काकांच्या त्या फास्ट करणाऱ्याचेच भाऊबंद.

हार्डवेअरच गेलं असेल अशी शंका असेल तर पेन ड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी, लिनक्सवरची फुकट सिस्टिम) चालू करून बघा. इन्स्टॉल करायचं नाही, ‘ट्राय’ म्हणायचं. तिथे स्पीकर वाजले तर चिप आणि स्पीकर धडधाकट आहेत, दोष विंडोजच्या बाजूचा. नाही वाजले तर लगेच निकाल देऊ नका. काही नव्या लॅपटॉपचे स्पीकर लिनक्समध्ये चांगले असूनही वाजत नाहीत.

आता फॉरमॅट. दुकानात न्याल तर बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच असतं, ‘विंडोज टाकून देतो’. त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबर आहे, कारण शोधत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. तुमच्या बाजूने बघितलं तर हा सगळ्यात महाग सौदा. ‘कीप माय फाइल्स’ म्हणून रीसेट केलं तरी फोटो, कागदपत्रं राहतात, पण टाकलेले प्रोग्रॅम जातात. टॅली किंवा श्रीलिपीवर ज्यांचं रोजचं काम आहे त्यांचा दिवस गेलाच समजा. त्याआधी एक मधली पायरी आहे: मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल (अख्खं विंडोज एकाच फाइलमध्ये) उतरवून चालू विंडोजमध्येच तिचं सेटअप चालवायचं आणि ‘फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ निवडायचं. दीड-दोन तास जातात, प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात, आणि सर्व्हिसच्या बिघडलेल्या फायली नव्याने येतात. तरीही फॉरमॅटच करायची वेळ आली आणि पीसीवर विंडोज १० असेल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीनला चालत असेल तर विंडोज ११ च टाकून घ्या.

दुकान मला एकाच कामासाठी पटतं, जॅक तुटला असेल किंवा स्पीकर फाटला असेल तर. तेव्हाही आधी विचारा, सुटा भाग बदलणार की विंडोज टाकणार.

आणि ते यूएसबी कार्ड? परत घ्यायला दुकान तयार नव्हतं, पाकीट फोडलेलं होतं म्हणे. पण काकांच्या कॅबिनेटचा पुढचा जॅक सैल होताच, पिन जरा हलली की एका कानातला आवाज जायचा. आता हेडफोन कार्डातच लावतात. अडीचशे रुपयांत या कामाला ते उत्तम आहे, फक्त सर्व्हिस चालू हवी.