काँग पपी: चावऱ्या पिल्लाच्या तोंडाला काम देणारं रबर

पायजम्याच्या घोळाला लटकणारं, मनगटात सुईसारखे दात रुतवणारं तीन महिन्यांचं पिल्लू घरात आहे असं सांगितलं, की दुकानदार हमखास एक गुलाबी किंवा निळं रबरी खेळणं हातात ठेवतो. एकावर एक तीन गोळे रचल्यासारखा आकार, आतून पोकळ. हे काँग या कंपनीचं काँग पपी. वस्तू चांगलीच आहे. 'हे द्या, चावणं थांबेल' हे जे सोबत ऐकवलं जातं, ते मात्र अर्धंच खरं.

खेळण्याचा मूळ अवतार १९७०च्या दशकातला, अमेरिकेतल्या कोलोराडोचा. जो मार्खम यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. गाडी दुरुस्त करताना फोक्सवॅगन बसच्या सस्पेन्शनमधला एक रबरी भाग त्याच्या तोंडी लागला आणि दगड सुटले. आकार तिथून आला. लाल रबर पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांसाठी, काळं सर्वांत कडक, आणि गुलाबी-निळं दुधाच्या दातांसाठी मुद्दाम मऊ केलेलं. घाईत लाल उचलू नका. पिल्लाला ते कडक लागतं, दोन मिनिटांत ते सोडून देतं आणि पुन्हा सोफ्याकडे वळतं.

मऊपणाला एवढं महत्त्व का? पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. या काळात हिरड्या अखंड शिवशिवतात. दाबला तर दबेल आणि सोडला तर परत येईल असा पदार्थ त्यांना हवा असतो. ओळखायची खूण सोपी: अंगठ्याचं नख दाबा, खळगा पडला पाहिजे. वाळवलेली हाडं, शिंगं, याकच्या दुधाची दगडासारखी चुर्पी या कसोटीत नापास होतात. दुधाचा दात मोडला की आतला गर उघडा पडतो, आणि तिथला संसर्ग खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातापर्यंत जाऊ शकतो. खेळण्यावर अधूनमधून रक्ताचा पुसट डाग दिसला तर घाबरू नका, दात पडतायत एवढंच. पॉमेरेनियन, शिह त्झू अशा लहान जातींत मात्र काही वेळा पक्का सुळा आला तरी दुधाचा सुळा शेजारी तसाच राहतो. तसं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

आकार निवडताना सर्वाधिक चुका होतात. वजनाप्रमाणे ढोबळ हिशेब असा: ९ किलोपर्यंत स्मॉल, ७ ते १६ किलोला मीडियम, १३ ते ३० किलोला लार्ज. दोन आकारांच्या सीमेवर असाल तर मोठा घ्या. लॅब्राडॉरचं पिल्लू आज ६ किलोंचं आहे म्हणून स्मॉल आणलं, तर महिन्याभरात ते अख्खं तोंडात मावेल आणि घशात अडकायचा धोका उभा राहील. स्वस्त नकला घेताना एक गोष्ट नक्की तपासा: दोन्ही टोकांना भोकं आहेत का? एकच भोक असेल तर चाटताना आत निर्वात पोकळी तयार होऊन जीभ शोषली जाते आणि अडकते. खऱ्या काँगला खाली मोठं आणि वर बारीक, अशी दोन असतात.

रिकामं खेळणं पिल्लापुढे टाकून 'आमचं पिल्लू याच्याकडे बघतही नाही' म्हणणाऱ्यांनी अर्धीच वस्तू वापरलेली असते. खरी मजा भरण्यात आहे. रोजचं कोरडं खाणं कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. तीन भाग ते आणि एक भाग आंबट न झालेलं साधं दही, असं कालवा. बारीक भोक कणकेच्या नव्हे, पनीरच्या लहानशा तुकड्याने बुजवा. खेळणं फुलपात्रात बारीक टोक खाली करून उभं ठेवा आणि चमच्याने भरा. मीडियममध्ये अर्ध्या वाटीच्या आसपास मावतं. बिनमिठाचा, बिनफोडणीचा दहीभात, उकडलेला लाल भोपळा, गाजर, बिनहाडाचं उकडलेलं चिकन हेही चालतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट मुळीच नाही. पीनट बटर घ्यायचं तर लेबल वाचून: त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विष आहे, आणि काही लेबलांवर ते 'बर्च शुगर' या गोंडस नावाने येतं. यात जेवढं भरलं तेवढं ताटलीतून कमी करा, नाहीतर दात सुधारतील आणि पोट बिघडेल.

पहिल्याच दिवशी दगडासारखं गोठवून देणं ही दुसरी नेहमीची चूक. पिल्लू पाच मिनिटं चाटतं, काहीच हाती लागत नाही, हिरमुसून निघून जातं. आधी दोन-तीन दिवस नुसते कोरडे दाणे, हलवलं की पडतील असे. मग ओलं, पण न गोठवलेलं. ते जमलं की पिशवीत घालून तीन-चार तास फ्रीजरमध्ये. गार रबराने हिरड्यांची आग शमते आणि तेच खाणं बराच जास्त वेळ पुरतं.

आता हे खेळणं काय करत नाही ते. हाताला दात लावायचा नाही, हे ते शिकवत नाही. ते धडे पिल्लाला आई आणि भावंडं देतात: जोरात चावलं की समोरचा खेळ थांबवतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला भारतात २०१७च्या नियमांनी बंदी आहे, आणि लवकर तोडलेल्या पिल्लांना हेच धडे अपुरे पडतात. मग ते काम माणसांवर येतं. दात लागले की हात झटकू नका, हलणारा हात म्हणजे पिल्लाला शिकार. हात ढिला सोडा, उठा, दाराच्या किंवा पिल्लासाठी घरात लावलेल्या कुंपणाच्या पलीकडे तीस सेकंद जा, परत या. बोलणं नाही, नाकावर टपली नाही, जबडा दाबून धरणं तर नाहीच. त्याने पिल्लू तोंडाजवळ येणाऱ्या हाताला घाबरायला शिकतं, आणि घाबरलेलं कुत्रं पुढे खरोखर चावतं. 'आई गं' असं किंचाळायचा सल्लाही सरसकट देण्यासारखा नाही. काही पिल्लं थबकतात, काहींना त्याने आणखीच चेव येतो.

आणि इथेच भरलेल्या काँगचा उलटा परिणाम होतो. चावल्याबरोबर फ्रीजर उघडला, तर पिल्लू चोख हिशेब मांडतं: चावलं की दहीभात मिळतो. त्याच्या चावण्याच्या वेळा ओळखून खेळणं आधी द्या. बहुतेक घरांत ही वेळ दिवेलागणीची असते. पिल्लाच्या अंगात वारं शिरतं, ते खोलीभर धावतं, घोट्यांवर झडप घालतं. लोकांना वाटतं दम जिरला नाही, म्हणून आणखी खेळवतात. बहुधा प्रकार उलट असतो: दिवसाला अठरा-वीस तास झोपायचं पिल्लू माणसांच्या वर्दळीत कमी झोपलेलं असतं. तासभर जागं राहिलं की शांत कोपऱ्यात, कुंपणात काँग देऊन बसवा. चाटता चाटता डोळे मिटतात. या एका कामात या खेळण्याला तोड नाही.

पर्यायांबद्दल थोडक्यात. ओला नॅपकिन पिळून, गाठ मारून गोठवला तर हिरड्यांसाठी जवळजवळ तितकाच उपयोगी आणि फुकट. मात्र कापड फाडून गिळणाऱ्या पिल्लाला तो नजरेआड देऊ नका. कातड्याच्या गाठींची हाडं टाळा, ओलं झालेलं कातडं तुकड्यांनी गिळलं की आतड्यात अडकतं. कडू फवारा टेबलाच्या पायांसाठी ठीक, काही तासांनी तो उडतो, पुन्हा मारावा लागतो, आणि एखादं पिल्लू ती चवही आवडीने चाटतं. लहान मुलांच्या घरात पिल्लाशी खेळायला हातभर लांब जाड दोरी असावीच, म्हणजे दात आणि बोटं यांत अंतर राहतं. ओरखड्यातून रक्त आलंच तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि डॉक्टरांकडे जा. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण बारा आठवड्यांनंतरच मिळते, तेव्हा 'घरचंच आहे' म्हणून सोडून देऊ नये.

आपल्याकडच्या वापरात दोन त्रास ठरलेले. पहिला मुंग्या: दही लागलेलं खेळणं सोफ्याखाली गेलं की तासाभरात रांग लागते. दुसरा पावसाळा: आतल्या कडेला चिकटलेला भात दुसऱ्या दिवशी बुरसतो. काम झालं की लगेच गरम पाण्यात भिजवून बाटली धुण्याच्या ब्रशने आतून घासा आणि तोंड खाली करून पूर्ण वाळू द्या. त्यासाठीच दोन घ्यावीत, एक तोंडात आणि एक फ्रीजरमध्ये. एरवी देशी रबरी चेंडूच्या मानाने किंमत चढीच वाटते, पण पहिल्या तीन-चार महिन्यांत रोज वापरात राहणारी याहून कामाची वस्तू क्वचितच सापडेल.

पक्क्या दाढा आल्या की मात्र हे मऊ रबर पुरत नाही. दर आठवड्याला कडा चाचपून बघा. चीर, उचकटलेला तुकडा किंवा दातांची खोल भोकं दिसली की खेळणं सरळ कचऱ्यात टाका आणि तेव्हा लाल आणा.