वाचनवर्गाचा उपयोग झाला का? आधी-नंतरची चाचणी की शाळांच्या चिठ्ठ्या?

राजापूरकडचे एक केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचे (केंद्राचे) अधिकारी, विचारत होते, तिसरी-चौथीला वाचनवर्ग सुरू करतोय, उपयोग झाला हे ओळखायचं कसं? जूनला आणि मार्चला चाचणी घेऊन, की चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांत वर्ग घेऊन?

खर्चात पहिली पद्धत सरळ स्वस्त. मुलाला जवळ बसवायचं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठवर वाचतो ते टिपायचं. 'असर' हे मुलांच्या शिकण्याचं देशभरातलं सर्वेक्षण 2005पासून अशीच चाचणी घरोघरी घेत आलंय. दुसऱ्या पद्धतीत शाळा दुप्पट, बाहेरचे तपासनीस आणि भर पावसात वाडीवाडीची पायपीट.

भरवशाचं नेमकं उलट. नऊ महिन्यांत मूल वर्गाविनाही थोडं पुढे जातं, आणि तेही श्रेय आपण वर्गाला देऊन मोकळे होतो! तुलनेला दुसऱ्या शाळा असल्या की तेवढं वजा होतं.

मग वगळलेल्या पोरांचं काय? मुंबई-वडोदऱ्यातल्या बालसखी उपक्रमाच्या अभ्यासात काही शाळांत तिसरीला बालसखी (मागे पडलेल्या मुलांना शिकवणारी वस्तीतलीच तरुणी) दिली, काहींत चौथीला. कुठलीच शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही. मला ही युक्ती फार आवडते.

कोकणात खरी अडचण पटाची. तिसरीत चारच पोरं असली तर एकाच्या तापानेही सरासरी ढासळते. एका केंद्रातल्या शाळा चिठ्ठ्यांना पुरत नाहीत.

म्हणून आपल्या केंद्रापुरतं सुधारायचं असेल तर पहिली पद्धत. फक्त चाचणी शेजारच्या शाळेतल्या गुरुजींनी घ्यावी. जिल्हाभर पैसा ओतायचा का, हे ठरवायचं असेल तर चिठ्ठ्याच.