रीजन्सी: आधी हेयर की हॅरिस?

धाकटीने विचारलं, "ताई, जॉर्जेट हेयर घेऊ की सी. एस. हॅरिस?" काळ एकच, रीजन्सी, म्हणजे राजाच्या जागी युवराज कारभार पाहत होता तेव्हाचं, १८११च्या पुढचं लंडन.

हेयरच्या प्रेमकथांचं इंग्रजी जड. जुने बोलीतले शब्द, बग्ग्यांची नावं. पहिली पन्नास पानं दमवतात. पण ऑलमॅक्स या लंडनच्या उच्चभ्रू क्लबातल्या बुधवारच्या नाचाचा पास मिळावा म्हणून चाललेली धडपड वाचताना हसू आवरत नाही! पुस्तकंही बहुतेक सुटी, कुठूनही उचल.

हॅरिसच्या रहस्यकथा भाषेला सोप्या, पण मालिका क्रमानेच वाचावी, म्हणजे खर्च आला. लंडनचे महानगर पोलीस १८२९मध्ये आले, त्यामुळे नायक असलेला सरदारपुत्रच खुनी शोधत फिरतो हे पटतं. परीक्षण लिहिताना मात्र शेवट न फोडता घाम फुटतो.

टोमणे, गप्पा आवडत असतील तर हेयर. रात्र जागवायची असेल तर हॅरिस.