बाळंतिणीला आधी विचारणारी मालिश: इंदूरमधली एक घरपोच सेवा

रामबाग, लोकमान्य नगर या बाजूला घरी येऊन बाळ-बाळंतिणीचे न्हाऊमाखू करणाऱ्या काही बायकांची ही सेवा. सव्वा महिन्याची ठरवतात. बाळाचे कौतुक सगळीकडेच होते. इथे आईलाही पुरा पाऊण तास मिळतो, म्हणून ही सेवा घ्यावी. मावशी आल्या की आधी बाळंतिणीला विचारतात: झोप किती झाली, टाके ओढतात का, अंगावरून किती जाते? मगच तेल कोमट करायला ठेवतात.

बाळाचे काम नीट. दूध पिऊन पाऊण तास झाल्याशिवाय मालिश नाही, नाहीतर उलटी होते. हलक्या हाताने दहा-पंधरा मिनिटे, खोबरेल तेलाने. मोहरीचे तेल टाळतात, कारण कोवळ्या कातडीवर पुरळ उठू शकते. नाकाकानात तेल घालत नाहीत (नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते), छाती पिळत नाहीत, कारण पिळल्याने तिथे पू होऊ शकतो. नाळ पडेपर्यंत नुसते अंग पुसतात, बेंबी कोरडी ठेवतात. कोळशाची शेगडी आणि धुरीही बंद, हे फार चांगले. बंद खोलीतला धूर बाळाच्या आणि आईच्याही जिवावर बेतू शकतो.

आईची पाठ, खांदे, कंबर सावकाश चोळतात. सिझेरियन असेल तर पोटाला हात लावत नाहीत. एकच पोटरी सुजली, गरम लागली किंवा दुखली, तर मालिश न करता दवाखान्यात जायला सांगतात. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एवढी जाण असलेली मालिशवाली विरळाच. दूध दाटून छाती दगडासारखी झाली, तर दाबून पिळण्याऐवजी बाळाला वरचेवर पाजायला लावतात, नंतर गार फडके ठेवतात. सोबत ताप आला तर डॉक्टर.

उण्या गोष्टी दोन. मावशींचा ‘पाणी कमी पी’ हा सल्ला ऐकू नये. पाजणारीला तहान जास्त लागते, तिने तहान लागेल तेवढे प्यावे. त्यांच्याकडचे डिंकाचे लाडू दाताला चिकटतात: तूप पुरेसे तापलेले नसते, एकदम खूप डिंक टाकला की तो फुलत नाही, आत कच्चा राहतो. अळिवाचे घ्या.

ठरवताना रोज एकच बाई येणार ना, हे विचारून घ्या. बदलीवर आलेल्या बाईला टाक्यांचे काही ठाऊक नसते.